नावाचा इजारा

ईदच्या दुसऱ्या दिवशी अमडापूरला बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्म्याची दुसरी वाटी समोर आली आणि तिच्या मागोमाग भाच्याची वही आली. शंभर पानी, शाळेतली, वर कुठल्याशा शिकवणीची जाहिरात. चिखली-खामगाव रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मला वाटलं उधारीची वही असेल. आत इंग्रजी अक्षरांत नावं होती, एकाखाली एक, एकूण एकतीस. प्रत्येकापुढे तारीख आणि रक्कम.

"मामू, हे प्लॉट आहेत," तो म्हणाला.

"कुठले रे?"

"इंटरनेटवरचे. आज घ्यायचे, भाव आला की विकायचे. कच्छच्या एका माणसानं तर गूगल डॉट कॉम बारा डॉलरला घेतलं होतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. ही गोष्ट २०१५ च्या सप्टेंबरमधली. गूगलच्याच विक्रीच्या यंत्रणेत काहीतरी चुकलं, त्यांचं स्वतःचं नाव विक्रीला उपलब्ध दिसलं आणि त्या माणसानं पैसे भरले. एका मिनिटात सौदा रद्द झाला. नंतर कंपनीनं त्याला बक्षीस दिलं ६,००६ डॉलर १३ सेंट, कारण हे आकडे नीट पाहिले तर 'गूगल' असे वाचता येतात. ती रक्कम त्यानं दान केली, म्हणून कंपनीनं दुप्पट केली. गोष्ट इतकीच आहे. पण व्हिडिओवर ती सांगणारे शेवटचा भाग गाळतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की असा प्लॉट आपल्यालाही कधी तरी लागेल.

भाच्यानं वर्षभरात सव्वीस हजार रुपये घातले होते. निम्मे दुकानातले, निम्मे बहिणीच्या भिशीचे. विक्री शून्य. आणि त्या दिवशी त्यानं वही दाखवली ती अभिमानानं नव्हे, भीतीनं. चार दिवसांपूर्वी एका वकिली कार्यालयाचा ई-मेल आला होता. एकतीस नावांपैकी एकात एका मोठ्या कंपनीचं नाव होतं आणि त्याला 'इंडिया' जोडलेलं. सात दिवसांत नाव हवाली करा, नाही तर कोर्ट. बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरातून विचारत होती, अजून एक वाटी देऊ का.

मी ना वकील, ना संगणकवाला. जुनी दप्तरं वाचणारा माणूस. म्हणून त्याला जे सांगितलं ते इतिहासाच्या अंगानंच सांगितलं, आणि घरी परतल्यावर वाटलं की हे लिहून ठेवावं. आपल्या मोहल्ल्यांतली पुष्कळ पोरं सध्या या वाटेनं चालली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे नाव ही वस्तू मुळात फुकट होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर जोडलेल्या संगणकांना आकड्यांचे पत्ते असत आणि लक्षात राहावं म्हणून नावं. कुठल्या नावाचा आकडा कोणता याची एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचं कार्यालय सांभाळत असे. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करायच्या, बाकीच्यांनी यादीची नक्कल उतरवून घ्यायची. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच. यंत्रं वाढली तशी यादी अपुरी पडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. एकाच दप्तराऐवजी पायऱ्या, वर मूळ, त्याखाली कॉम, ऑर्ग, एज्यु, देशांची नावं, आणि त्याखाली ज्याची त्याची जबाबदारी. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीनं पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. त्याला कुणी पैसे मागितले नाहीत. पुढची दहा वर्षंही कुणाला पडले नाहीत.

सप्टेंबर १९९५ मध्ये नोंदणीचं काम करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीनं शुल्क लावलं, दोन वर्षांचे शंभर डॉलर. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण बाजारात शिरलो तेव्हाच नेमका बैठकीचा कर सुरू झाला होता.

पण चलाख लोक त्याच्या आधीच जागे झाले होते. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकारानं मॅकडोनाल्ड्सच्या कार्यालयात फोन करून विचारलं, तुमच्या नावाचं डॉट कॉम तुम्हाला नको का? तिकडे कुणाला प्रश्नच कळेना. मग त्यानं ते स्वतःच्या नावावर घेतलं आणि 'वायर्ड' मासिकात लेख लिहून वाचकांनाच विचारलं की आता याचं काय करू. शेवटी कंपनीनं न्यूयॉर्कमधल्या एका शाळेला संगणकाच्या सोयीसाठी साडेतीन हजार डॉलर दिले आणि नाव सोडवून घेतलं. त्यात गंमत होती, लोभ नव्हता. लोभ तीन वर्षांनी आला. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं आणि १९९९ मध्ये पंच्याहत्तर लाख डॉलरला. जगभरच्या पोरांच्या वह्या तिथून सुरू झाल्या.

इथे भाच्यानं मला थांबवलं. "म्हणजे धंदा खरा आहे ना?"

खरा आहे. पण 'बिझनेस' हा शब्द कुणाच्या मालकीचा नव्हता. तुझ्या वहीतलं चौदावं नाव कुणाच्या तरी मालकीचं आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक आपल्या मुंबईत, उच्च न्यायालयात, पंचवीस वर्षांपूर्वी ठरून गेलेला आहे.

मुंबईची रेडिफ ही भारतातल्या अगदी सुरुवातीच्या संकेतस्थळांपैकी एक. १९९६ पासूनची. तिच्या नावात 'आर'नंतर 'ई' येतो. दुसऱ्या एका कंपनीनं 'ई'च्या जागी 'ए' घालून नाव नोंदवलं, रॅडिफ डॉट कॉम. रेडिफ न्यायालयात गेली. समोरच्यांनी खुलासा केला तो ऐकण्यासारखा आहे. म्हणे आमचं नाव 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरं, 'इन्फर्मेशन'चं 'आय', 'फ्यूचर'चं 'एफ' आणि 'फ्री'चं 'एफ' असं जुळवलेलं आहे. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांना हे पटलं नाही. १९९९ च्या या निकालाचं सार असं की डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हाइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, आणि एका अक्षराच्या फरकानं लोकांची फसगत होत असेल तर ते नाव वापरता येणार नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं याहूच्या बाजूनं असाच आदेश दिला होता. तिथल्या माणसानं 'याहू'ला 'इंडिया' जोडून नाव घेतलं होतं. भाच्याचा चेहरा इथे उतरला, कारण त्यानंही नेमकं हेच केलं होतं. त्या खटल्यातले बचाव मजेशीर होते. 'याहू' हा शब्द शब्दकोशात आहे, आम्ही पानावर खुलासा टाकला आहे, भारतातला व्यापारचिन्हाचा कायदा मालाला लागतो, सेवेला नाही. शेवटचा मुद्दा तसा खरा होता. १९५८ चा कायदा मालापुरताच होता. पण न्यायालयानं जुनं तत्त्व लावलं. आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. हे तत्त्व इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनं आहे. बाजारात दुसऱ्याच्या शिक्क्याची पुडी बांधणाऱ्यालाही तेच लागत होतं.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत पहिल्यांदा असा वाद गेला तो २००४ मध्ये. सत्यम इन्फोवेनं आपल्या नावातली अक्षरं जोडून 'सिफी' असा शब्द बनवला होता. दुसऱ्यांनी एक 'एफ' वाढवून त्याच्याशी मिळतंजुळतं नाव घेतलं. ६ मे २००४ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की डोमेनच्या वादांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण म्हणून संरक्षण नाही असं नव्हे. व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा जमेल तितका इथेही लागू होतो.

कोर्टाबाहेरही एक रस्ता तयार झाला होता. १९९८ मध्ये नावांचा कारभार पाहायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं वाद सोडवण्याची सर्व जगासाठी एक पद्धत ठरवली. तक्रारदारानं तीन गोष्टी दाखवायच्या. नाव आपल्या चिन्हासारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं व वापरलं आहे. या पद्धतीखालचा पहिला निकाल जानेवारी २००० चा, कुस्त्या दाखवणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचा. कॅलिफोर्नियातल्या एकानं त्यांचं पूर्ण नाव नोंदवलं आणि तीनच दिवसांत त्यांनाच हजार डॉलरला विकायला काढलं. वाईट हेतूचा याहून चांगला पुरावा कोणता? हे प्रकरण मी भाच्याला दोनदा सांगितलं. कारण त्या ई-मेलला त्यानं काय उत्तर लिहून ठेवलं होतं माहीत आहे? "पन्नास हजार द्या, नाव देतो." सुदैवानं पाठवलेलं नव्हतं. ते गेलं असतं तर त्यांच्या वकिलाचं अर्धं काम यानंच केलं असतं.

आपल्याकडच्या डॉट इनचा इतिहास मुंबईतच सुरू होतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. देशाचं हे नाव १९८९ मध्ये मिळालं. त्याची नोंदवही जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संशोधन संस्थेकडे असे. संस्थेचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांना पुढे इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. नियम कडक होते, कागदपत्रं लागत, मागेल त्याला नाव मिळत नसे. त्यामुळे २००४ पर्यंत सगळ्या देशात डॉट इनची नावं जेमतेम काही हजार होती. मग कारभार निक्सी या नव्या संस्थेकडे गेला. जानेवारी २००५ मध्ये आधी व्यापारचिन्हांच्या मालकांना संधी दिली गेली आणि १६ फेब्रुवारीपासून दरवाजा सगळ्यांना उघडला. वादांसाठी डॉट इनची स्वतंत्र पद्धतही तेव्हाच आली.

या धंद्यात मोठे झालेले लोकही मुंबईचेच आहेत. तुराखिया बंधूंनी १९९८ मध्ये वडिलांकडून पंचवीस हजार रुपये घेऊन डायरेक्टी सुरू केली. ती नावं नोंदवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गेली. २०१४ मध्ये तिचा हा भाग एका अमेरिकी कंपनीनं जवळपास अकरा कोटी डॉलरला घेतला. सव्वीस हजार आणि पंचवीस हजार हे आकडे जवळचे आहेत म्हणून भाचा खुलला. पण मी त्याला विचारलं, त्यांनी काय विकलं? नावं साठवून ठेवली नाहीत. नोंदणीची यंत्रणा उभारली आणि ती हजारो छोट्या विक्रेत्यांना वापरायला दिली. खामगावच्या कापूस बाजारात पैसा कुणाचा होतो, गाठी घेऊन भाव वाढायची वाट पाहणाऱ्याचा की अडत्याचा? दोघांचाही होतो, पण अडत्याचा दर हंगामात होतो.

आता शब्दाबद्दल. 'डोमेन विकत घेतलं' असं आपण म्हणतो ते चूक आहे. कुणीही विकत घेत नाही. एका वर्षासाठी, फार तर दहा वर्षांसाठी, ते आपल्याकडे असतं. मुदत संपली, पैसे भरले नाहीत, की गेलं. याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, इजारा. मूळ अरबी, भाडेपट्टा या अर्थाचा. वऱ्हाडात इंग्रजांनी पडीक जमिनी इजाऱ्यानं दिल्या तेव्हा रुजला. यवतमाळकडे कित्येक गावांच्या नावांना अजून तो चिकटलेला आहे.

आणि आमचा अख्खा वऱ्हाडच इजाऱ्यावर होता हे किती जणांना आठवतं? हैदराबादच्या निजामाकडून १८५३ च्या तहानं कर्जापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वर्षाला पंचवीस लाख रुपये आणि पट्टा कायमचा. जमीन, महसूल, कोर्टकचेरी सगळं इंग्रजांचं, मालकी म्हणायला निजामाची. १९३६ च्या करारानं तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मुलूख दुसऱ्याकडे आणि नाव आपल्याकडे! अमडापूरच्या बल्लाळदेवीच्या जत्रेला जाणाऱ्या किंवा सैलानीबाबांच्या उरुसाला पायी निघालेल्या माणसाला याचा काही फरक पडत नव्हता. पण कागदावरचं नाव आणि जमिनीवरचा ताबा या दोन वेगळ्या चिजा असू शकतात, हे आमच्या जिल्ह्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

हा विषय निघाला तेव्हा शेजारचे एक बुजुर्ग येऊन बसले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. "जी चीज दिसत नाही, हातात येत नाही, ती विकणं जायज कसं?" भाचा माझ्याकडे पाहायला लागला. मी फतवे देत नाही. इतकंच सांगितलं की इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीनं डिसेंबर १९८८ च्या कुवेतच्या बैठकीत व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरचे हक्क मालमत्ता म्हणून मान्य केले आहेत. त्यांना किंमत आहे, त्यांची देवघेव होऊ शकते, आणि त्यांवर दुसऱ्यानं हात टाकू नये. फसवणूक नसावी ही अट आहेच. डोमेनचा उल्लेख तिथे अर्थातच नाही, त्या वेळी ते फुकट मिळत होतं. बुजुर्ग म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या नावाला हात लावू नको, एवढंच ना? मग एवढं लांबण कशाला लावलं?" आणि चहा पिऊन गेले.

मग आम्ही वही घेऊन बसलो. एकेक नाव.

सात नावांत कुठल्या ना कुठल्या कंपनीचं, सिनेमाचं किंवा नटाचं नाव होतं. ती बाजूला काढली. भाच्याचं म्हणणं, जिओहॉटस्टारचं काय? ते प्रकरण त्याला पाठ होतं. दिल्लीच्या एका तरुणानं दोन कंपन्या एक होणार हा अंदाज बांधून २०२३ मध्ये ते नाव घेतलं आणि २०२४ मध्ये रिलायन्सला जाहीर पत्र लिहिलं की माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. खर्च साधारण एक कोटी. कंपनीनं दिला नाही. नाव पुढे दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. अंदाज बरोबर होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावानं सेवा सुरू झाली. पण अंदाजाचे पैसे नाही मिळाले.

नऊ नावं जिल्ह्यांच्या आणि शहरांच्या नव्या नावांची होती. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली तेव्हा यानं रात्री जागून वेगवेगळ्या स्पेलिंगांत ती घेऊन ठेवली होती. मी काही बोललो नाही. त्याच्या आजोबांचा जन्म यातल्याच एका शहरातला. शेवटी तोच म्हणाला, "मामू, नाव बदललं तर आपण काय करणार? निदान डोमेन तरी घ्यावं म्हटलं." यावर हसावं की काय करावं मला कळलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं मात्र ती नावं निरुपयोगी होती. सरकारी कार्यालयांचे पत्ते सरकारच्याच जागेवर असतात. त्यांना तुझ्याकडून काही घ्यायचं नसतं.

स्पेलिंगची भानगड आपल्या भाषेत वेगळीच आहे. आमच्या जिल्ह्याचंच बघा. कुणी बुलडाणा लिहितो, कुणी बुलढाणा. इंग्रजांच्या १९१० च्या गॅझेटियरवर 'एच' नाही, आजच्या सरकारी पाट्यांवर आहे. अमडापूर रोमन अक्षरांत लिहायला सांगा, दहा जण तीन तऱ्हांनी लिहितील. म्हणून मराठी शब्दाचं नाव घ्यायचं तर तो शब्द फोनवर सांगितल्यावर समोरचा न विचारता बरोबर लिहील का, हे आधी पाहावं. या कसोटीवर आणखी सहा नावं गळाली.

यावर उपाय म्हणून २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' आलं. देवनागरीत, मराठीसह आठ भाषांसाठी. पुढे उर्दू लिपीतलंही आलं. अरब देश यात आपल्या चार वर्षं पुढे होते, मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरब आणि अमिरातीनं अरबी लिपीतली नावं सुरू केली होती. गंमत म्हणजे यंत्राला आतून अजूनही रोमन अक्षरंच लागतात. 'भारत' हा शब्द त्याच्या लेखी 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि मग 'एच टू बी आर जे नाइन सी' असा आहे. मला देवनागरी पत्ता मनापासून आवडतो. पण दुकानाच्या पाटीवर तो रंगवलेला मी क्वचितच पाहिला आहे, आणि ज्याला वापरणारे थोडे त्याला घेणारेही थोडे. भाच्याकडे अशी दोन नावं होती. ती ठेव म्हटलं, विकायला नको, स्वतःच्या दुकानासाठी ठेव.

नावांच्या या बाजारात सगळंच पैशानं सुटत नाही, याचंही एक उदाहरण आपल्या वाचकांना ठाऊक असावं. २०१२ मध्ये आयकॅननं डॉटच्या उजवीकडची नवी नावं मागवली, अर्जाचं शुल्कच एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर. तुर्कस्तानच्या एका कंपनीनं 'डॉट इस्लाम' आणि 'डॉट हलाल' मागितली. संयुक्त अरब अमिरातीनं हरकत घेतली, इस्लामी देशांच्या संघटनेनं विरोध केला. एका खासगी कंपनीनं एवढ्या मोठ्या समाजाच्या नावाचं फाटक सांभाळावं का, हा प्रश्न होता. सहा वर्षं वाद चालला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आयकॅननं दोन्ही अर्ज पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. क्रायस्लर या मोटार कंपनीनं आपल्या ट्रकच्या नावावरून 'डॉट राम' मागितलं, तेव्हा भारत सरकारनं हरकत नोंदवली होती. काही नावं बाजारात उतरवताना विचारावं लागतं. हे एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या सरकारांनाही वाटलं.

उरलेल्या नावांसाठी मी त्याला जे सांगितलं ते माझ्या स्वतःच्या नुकसानीतून आलेलं आहे.

२०११ मध्ये मी वऱ्हाडच्या इतिहासावरच्या लेखांसाठी एक नाव घेतलं होतं. पाच वर्षं तिथे लिहिलं. ज्या कार्डावरून दरवर्षी पैसे कापले जात ते बदललं आणि आठवणीचे ई-मेल मी ज्या जुन्या पत्त्यावर पाहत नव्हतो तिथे जात राहिले. अब्बा आजारी होते, ते दोन महिने मी कशाकडेच पाहिलं नाही. दफनविधीनंतर आठवड्यानं मी पान उघडलं तर तिथे जाहिराती होत्या. मुदत संपल्यावर साधारण महिना-सव्वा महिना नेहमीच्या दरात नाव परत मिळतं, त्यापुढचे तीस दिवस जबर दंड भरून, मग पाच दिवसांत ते मोकळं होतं. प्रत्यक्षात त्याआधीच त्याचा हर्रास होतो. माझं नाव कुठल्या तरी परदेशी माणसानं त्या हर्रासात घेतलं. मी विचारणा केली, उत्तर आलं, दोन हजार डॉलर. मी दिले नाहीत. त्यानं काही बेकायदा केलं नव्हतं. माझी पाच वर्षं त्याच्यासाठी फक्त येणाऱ्या लोकांचा आकडा होती. तिथे अब्बांची एक मुलाखतही होती. तिची दुसरी प्रत माझ्याकडे नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, घेण्याआधी नावाचा मागचा इतिहास बघ, सातबारा बघतो तसा. पूर्वी मालकाचं नाव-पत्ता उघड दिसायचा, २०१८ पासून युरोपच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे बहुतेक झाकलेला असतो, तरी नोंदणीची आणि मुदतीची तारीख दिसते. जुन्या पानांचे साठे पाहता येतात. कुणी तिथे घाणेरडा धंदा केला असेल तर शोधयंत्रं ते नाव विसरत नाहीत. नवं नाव घेतल्यावर साठ दिवस ते दुसऱ्या नोंदणीदाराकडे हलवता येत नाही, तेव्हा त्या काळात कुणाला लगेच देण्याचा शब्द देऊ नको. विकताना पैसे आधी की नाव आधी हे भांडण असतं. त्याला तिऱ्हाइताकडे पैसे ठेवणाऱ्या सेवा आहेत, थोडं कमिशन घेतात, इसार चिठ्ठीच्या साक्षीदारासारख्या. आणि हिशेब असा. डॉट कॉमला वर्षाला हजार-बाराशे धर. एकतीस नावं म्हणजे दरवर्षी तीसेक हजारांचा सारा. पीक येवो न येवो. चॅट डॉट कॉम हे नाव धर्मेश शाह यांनी २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतलं आणि पुढे ओपन एआयला दिलं, हे खरं आहे. पण ते नाव कुणी वहीत लिहून वाट पाहत बसला म्हणून महाग झालं नाही. शब्दच तसा होता, आणि तो नव्वदीच्या दशकात संपला.

"मग आता काहीच उरलं नाही?"

उरलं आहे, पण लहान. तुझ्या गावाच्या वीस कोसांत किती बियाणांची दुकानं, मंगल कार्यालयं, दवाखाने आहेत? त्यांतल्या किती जणांकडे स्वतःचं नाव आहे? ते त्यांना त्यांच्याच नावावर काढून दे, तुझ्या नावावर नको. पान बनवून दे, दरवर्षी मुदत सांभाळ, त्याची मजुरी घे. हे ऐकून तो फारसा खूश झाला नाही. यात लॉटरी नव्हती.

त्या रात्री आम्ही मिळून वकिलाला उत्तर लिहिलं. चार ओळी. नाव वापरलेलं नाही, पैसे नको, हस्तांतराची संकेतसंख्या सोबत देत आहोत, पोचल्याचं कळवा. पाठवण्याआधी मी ते चिखलीच्या एका ओळखीच्या वकिलाला दाखवलं, त्यांनी एक शब्द बदलला. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. बहिणीला मात्र भिशीचं सांगावंच लागलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मागच्या महिन्यात तो भेटला. एकतीसपैकी पंचवीस नावांची मुदत त्यानं संपू दिली आहे. दोन गिऱ्हाइकं मिळाली, एक कृषी केंद्र आणि एक बँडवाला. बँडवाल्याचं नाव रोमन अक्षरांत कसं लिहायचं यावर दोघा भावांत आठ दिवस भांडण चालू होतं, तोवर यानं दोन्ही तऱ्हा त्यांच्याच नावावर काढून दिल्या. वही तीच आहे. फक्त पहिल्या पानावर आता नावांऐवजी मुदतीच्या तारखा आहेत, आणि वर, माझ्या सांगण्यावरून नव्हे, त्यानंच लाल पेनानं माझ्या हरवलेल्या नावाची पुढची तारीख लिहून ठेवली आहे. त्या परदेशी माणसानं भरलं नाही तर पाहू, म्हणतो.